हिरड्या, दाढा आणि बाजूला ठेवलेले पाच लाडू

आमच्या घरी डिंकाचा लाडू फोडायला बत्ता लागायचा.

हे मी बायकोच्या देखत चारचौघांत सांगायचो. मंगल दर हिवाळ्यात लाडू वळायची, दर हिवाळ्यात तिचा पाक पुढे जायचा आणि दर हिवाळ्यात ती म्हणायची, "या खेपेला अगदी जरासाच पुढे गेलाय हं." पाहुण्यांपुढे लाडवाची बशी आली की मी शेजारी खलबत्त्यातला बत्ता आणून ठेवायचो. पाहुणे हसायचे, तीही हसायची. पण लाडू दुधात बुडवू मात्र द्यायची नाही. "चावून खायचा असतो तो. बुडवून खाल्लात तर माझ्या हातचं पुन्हा काही मागू नका."

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात माझ्या खालच्या चार दाढा हलायला लागल्या होत्या. तिने लाडू पुढे केला, तर मी म्हटलं, "आधी दाढांचं काय ते करून घेतो, मग खातो." "बरं," ती म्हणाली, "तुमचे पाच बाजूला काढून ठेवते." तिने ते स्टीलच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवले. माघात ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता गेली. डबा फ्रीझरमध्ये तसाच राहिला.

बायको गेल्यावर कोणी काशीला जातं. मी ठाण्याला, माजिवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आमच्या डोंबिवलीत दातांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण या बाई ऋजुताने शोधून काढलेल्या. (ऋजुता माझी सून. मुलगा बोटीवर असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.) मला बाकी काही नको होतं. ते पाच लाडू चावून खायचे होते, एवढंच.

हलत्या दाढा बाईंनी काढल्या. त्या इतक्या सहज निघाल्या की मलाच लाज वाटली.

"आता इम्प्लांट बसवून टाका," मी म्हटलं.

"काका, ब्रश करताना रक्त येतं?"

"येतं की. आमच्या घराण्यात सगळ्यांनाच येतं."

"त्याला घराणं लागत नाही, हिरड्या सुजल्या की येतं. तुमच्या दाढांना कीड नव्हतीच. हिरड्यांनी आणि हाडाने सोडल्या म्हणून गेल्या. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण हे दुखणं त्यालाही लागतं. आत्ता स्क्रू बसवला तर त्याच्याभोवतीचं हाड झिजेल आणि तोही हलायला लागेल. आधी हिरड्या बऱ्या करू."

"अहो, आमच्या शेजारच्या दिवा गावात एका पावसाळ्यात सात-सात मजली बेकायदा बिल्डिंगा उभ्या राहतात. माझ्या चार दाढा नाही होणार?"

"आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांना टेकू लावतात, ते नाही बघितलंत?"

 जन्मभर एमआयडीसीत मशिनी बसवल्या. पाया कच्चा असताना मशीन बसवायला निघालेल्या पोरांना मी याहून वाईट बोललोय.

झालं, हिरड्यांची सेवा सुरू झाली. मऊ ब्रश, मिठाच्या गुळण्या, दातांच्या फटींत घालायचे इवलेसे ब्रश (बाटली धुवायच्या ब्रशची पिल्लं म्हणा ना). इतकी वर्षं दात घासले, पण हिरड्यांकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं. आता आरशासमोर उभा राहून रोज त्यांची विचारपूस करायचो. मंगल असती तर म्हणाली असती, माझी कधी एवढी केली नाहीत. खरंच नव्हती केली.

तरी एका बाजूची सूज हटेना. मग बाईंनी हिरडी उघडून आतून साफ केली, टाके घातले. मी घरी आलो तो गालात कापसाचा बोळा कोंबून. बोलायचं नाही, चावायचं नाही. गोळीने डोळे मिटत होते. तेवढ्यात ऋजुता आली. "बाबा, तुम्हाला आता चावायला जमणार नाही. फ्रीझरमधले आईंचे लाडू वापरू का? उगाच खराब व्हायचे."

मी होता नव्हता तेवढा जोर लावून म्हटलं, "अंहं."

ती मान हलवून आत गेली. गुणी पोरगी, खुणेने सांगितलेलं कळतं, असं मनात म्हणत मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने वाटीभर खीर आणली, गार करून. खारकेची, जायफळाची. पहिल्याच चमच्याला मी म्हटलं, "वा, ऋजुता! अशी चव या घरात आजवर आली नव्हती." तिने ओढणीने डोळे पुसले. सासऱ्याने पहिल्यांदाच कौतुक केलं, भरून आलं असेल, असं मला वाटलं. मग मला चेवच चढला. टाके निघेपर्यंत रोज खीर मागून घेतली आणि रोज वाटी बोटाने पुसून खाल्ली.

पुढे हिरड्या गुलाबी झाल्या, रक्त थांबलं, स्क्रू बसले, ते हाडात मुरेपर्यंत थांबलो आणि एकदाच्या वर दाढा बसल्या. माजिवड्याहून घरी आलो तो चपला काढून थेट मंगलच्या फोटोसमोर खुर्ची मांडली. बत्ता मुद्दाम घेतला नाही. फ्रीझरमधून डबा काढला आणि उघडला. आत मटार होते.

"ऋजुता, यातले लाडू कुठे गेले गं?"

"बाबा, असं काय करता? त्यांचीच तर खीर केली होती. मिक्सरमधून काढून."

"मी नाही म्हणालो होतो."

"तुम्ही हं म्हणालात."

"अंहं म्हणालो होतो."

"बाबा, कापसातून हंच ऐकू आलं." तिचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुम्हाला कळलंय. म्हणून तर तुम्ही इतकं भरभरून बोललात. आईंसाठी."

तिला काय बोलणार? ती रडायला लागली, मग मीही रडलो. सगळ्या संसारात मी मंगलच्या लाडवांना कधी चांगलं म्हटलं नाही, कायम बत्ताच दाखवला. एकदाच मनापासून वा म्हटलं, तेव्हा ती नव्हती, माझ्या तोंडात दाढा नव्हत्या आणि शाबासकी सुनेला देऊन बसलो.

डोळे पुसून फोटोपुढे उभा राहिलो आणि म्हटलं, "मंगल, लाडू फार छान झाले होते गं." फोटोतल्या तिने काही ऐकून घेतलंसं वाटलं नाही. कसं घेईल? ज्यांच्यासाठी नव्या दाढा बसवल्या, ते लाडू मी आधीच दुधात बुडवून खाल्ले होते.