फणसाखालची विहीर

आमच्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालं आणि त्याला औषधी वास यायला लागला, तेव्हा भावाने मुंबईहून फोनवरच निकाल देऊन टाकला. पाणी सुधारलं नाही तर गणपती झाल्यावर घराला कुलूप, आणि आईने माझ्याकडे रत्नागिरीला यायचं. आई म्हणाली, "आधी मला मसणात पोचवून या, मग काय ती कुलपं लावा."

गावाच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत. कुणाचं काय झिरपलं, हे कोणी सांगत नाही. तक्रार केली की माणसं येतात, बाटल्या भरून नेतात, आणि पुन्हा सगळं सामसूम. आई टँकरची वाट बघत ओटीवर बसून राहायची. तिला तसं बसलेलं बघून माझा संताप संताप व्हायचा.

आणि माझं काम कसलं, तर पाणी साफ करण्याचं! कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी युरिया झाकणाच्या मुशीत घालून भट्टीत भाजते. वास असा सुटतो की शेजारच्या खोलीतले नाक धरून पळतात. मागे उरते बेसनासारखी पिवळी पूड, कार्बन नायट्राइड. ही पूड पाण्यात घालून उन्हात ठेवली की उजेडाच्या जोरावर ती रंग नि घाण तोडते. अंधारात नुसती तळाशी बसते.

मे महिन्यात पूड घेऊन घरी गेले. लोणच्याच्या काचेच्या बरणीत विहिरीचं पाणी भरलं, चिमूटभर पूड टाकली, बरणी अंगणात ठेवली. आई येता-जाता पळीने ढवळत होती. उन्हं कलेपर्यंत तांबूसपणा गेला. पूड गाळून काढली आणि आईने बरणी उचलून उजेडात धरली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली.

"काय गो, जादूच केलीस! विहिरीत कधी टाकायची?"

"अगं आई, तुरटी आहे का ती, फिरवली की झालं? हिला ऊन लागतं. तुझ्या विहिरीत ऊन कुठे पडतंय?"

विहीर जांभ्या दगडात खोल खणलेली, आणि वर बाबांनी लावलेला कापा फणस. भर दुपारीही खाली काळोख. मी तिला समजावलं, की पाणी उपसून उथळ परातींत पसरायचं, मग तपासायचं, आणि तोवर थेंबही प्यायचा नाही. ती मान डोलवत होती. मला वाटलं, ऐकतेय.

बरणीतलं पाणी बाटल्यांत भरून रत्नागिरीला नेलं आणि तपासायला दिलं. रंग गेला होता, पण कारखान्याकडून आलेले धातू होते तसेच होते. त्यांना माझी पूड हातही लावत नाही. हे फोनवर सांगायचं धाडस होईना, म्हणून रविवारी एसटी धरली.

वळणावरूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरामागे नुसतं आभाळ होतं. परसात गेले तर फणसाचं खोड जमिनीलगत कापलेलं, चीक अजून ओला, आणि बाजूला न पिकलेल्या फणसांचा ढीग. ज्या झाडाचा पहिला फणस आई दरवर्षी बाबांच्या फोटोपुढे ठेवायची, ते तिने माणसं लावून पाडलं होतं. शिवाय विहिरीची ओटी भरली होती. काठावर हळद-कुंकू, तांदूळ, नारळ.

"बघ," ती मला हाताला धरून काठाशी घेऊन गेली. "आता माथ्यावर सूर्य आला की ऊन थेट पाण्यात पडतं. आण तुझी पूड."

"अगं काय केलंस हे! कुणाला विचारलंस?" मी किंचाळलेच. "एवढ्या खोल पाण्यात ऊन वीतभरसुद्धा उतरत नाही! आणि उतरलं तरी काय उपयोग? त्यात आहे ते या पुडीने जात नाही!"

तिने काठावरून वाकून खाली पाणी बघितलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे फणस उगाच गेला," ती म्हणाली. मग ओटीचा नारळ उचलून पदराने पुसला आणि आत गेली.

गणपतीनंतर कुलूप लागलं. आता ती रत्नागिरीत, मांडवीला माझ्या दोन खोल्यांत असते. नळाचं पाणी पिते, तक्रार करत नाही, आणि तिने तक्रार न करणं हेच मला सोसत नाही. समोर समुद्र आहे, पण ती त्याच्याकडे पाठ करून बसते.

रोज दुपारी जेवताना तिचा हात मधेच थांबतो.

"आता पडलं असेल गो ऊन विहिरीत."

"हो, पडलं असेल," मी म्हणते आणि तिच्या पानात भात वाढते.