टाचेचा खड्डा

आज सकाळी नगरला घरासमोर रस्त्याचं काम सुरू झालं. ओल्या मुरुमाचा आणि डिझेलचा वास खिडकीतून आत आला आणि कोपरगावजवळच्या ओढ्यावरची मोरी डोळ्यांपुढे उभी राहिली.

मी नवा इंजिनियर. मोरीच्या भिंतीमागच्या भरावावर मीच मागवलेला दहा टनी रोलर दिवसभर फिरला होता. गवंडी रज्जाकचाचांनी भिंतीला खेटून टाच दाबली, तर पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं.

"हितं रोलर पोचत न्हाई, साहेब. ही पट्टी धुम्मसानंच ठोकाय पायजे. दोन दिस द्या." बोलताना त्यांचा हात धुम्मसाच्या दांड्यावर होता, माती ठोकून बसवायचं ते जुनं अवजार.

"आता यंत्रं आलीत, चाचा," मी हसून म्हणालो.

पावसाळ्यानंतर तीच पट्टी खचली. उसाची बैलगाडी कलंडली आणि मोळ्यांखाली तोडणीची एक बाई गेली.

चौकशीला आलेल्या साहेबांनी चाचांना विचारलं, "माती दाबली होती का?"

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "रोलर फिरला व्हता, साहेब."

तेव्हा वाटलं, सुटलो. आज वाटतं, चाचा सगळं बोलले असते, तर शिक्षा भोगून मोकळा तरी झालो असतो.