मागच्या चाकाची पिन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर – नाहीच.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते, बुवापाड्यातून चालत जायचे. प्रभाकर म्हात्रे तिथेच टूलरूममध्ये फिटर. खरवई गावचा, शेतकरी घरातला. आम्ही एकमेकांना आडनावाने हाक मारायचो, अहो-जाहो करायचो. मनात मात्र मी त्याला प्रभाकर म्हणायचे – हेही आजच पहिल्यांदा बाहेर पडतंय.

घरामागच्या रिकाम्या गोठ्यात तो एका माणसापुरतं विमान बांधत होता. खरंच. रद्दीत मिळालेल्या परदेशी मासिकातल्या नकाशावरून, पाइप, प्लायवूड, कापड आणि एक जुनं इंजिन जमवून. नकाशात शेपटीखाली नुसती लोखंडी पट्टी होती, जमिनीवर घासत जाणारी. भात कापलेल्या खाचरात ती अडकायची, म्हणून त्याला तिथे चाक हवं होतं, आणि त्याचं ड्रॉइंग करून द्याल का, असं त्याने मला विचारलं. ते आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो, कॅम्प दोनमध्ये. दुकानातल्या सिंधी शेटने विचारलं, "कौनसी गाडी का है?" प्रभाकर म्हणाला, "हवाई जहाज का." शेटने हातातलं चाक परत ठेवलं आणि आतून चांगल्या बेअरिंगचं काढून दिलं. त्या दिवशी परतताना मला किती बरं वाटत होतं – कसं सांगू?

चाक बसवायच्या पाट्याचं ड्रॉइंग मी केलं. टेम्पोखाली असतो तसा वजनाने दबणारा पोलादी पाटा, पण लहान. त्याच्या टोकाला उभी पिन, आणि पिनभोवती वळणारं चाक.

पहिल्या रविवारी त्याने विमान शेतात नुसतं पळवून पाहिलं. जरा वेग आला आणि शेपूट थडथडायला लागली. विमान गर्रकन फिरलं, पंखाचं टोक मातीत घुसलं. प्रभाकर उतरला, कपाळ पुसलं. "पाय कच्चे आहेत माझे," म्हणाला. विमानाची दिशा पायातल्या पेडलने सांभाळायची असते ना – म्हणून.

सोमवारी मी ड्रॉइंग पुन्हा काढून पाहिलं. चूक माझी होती. पिनचा कोन मी रिकाम्या विमानाचा धरला होता. माणूस बसला की पाटा दबतो, पिनचं डोकं पुढे झुकतं आणि चाक थरथरतं. उपाय? पाट्याखाली एक पातळ पाचर. अर्ध्या तासाचं काम.

मी सांगणारच होते. रविवारी गेलेही त्यासाठीच. त्याच्या आईने "ये गो बाय, दोन घास खा" म्हणत भाकरी वाढली. आणि तो म्हणाला, "गायकवाड, माझे पाय तयार होईपर्यंत तुम्हाला यावं लागेल. शेपूट उचलायला दुसरं कोण आहे?"

यावं लागेल. मी एवढंच ऐकलं. विमान उडालं की मी खरवईला कशाला जाणार होते? बुवापाड्यातल्या बौद्धाच्या मुलीला त्या घरात भाकरी मिळत होती, पण त्यापुढचं कुणी बोलणार नव्हतं. तोही नाही. मीही नाही.

जेवण झाल्यावर तो विमानात बसला. मला म्हणाला, "वजन आलंय. मागे जाऊन बाजूने बघा बरं, पिन सरळ आहे ना?"

मी गुडघ्यावर बसले. पिन पुढे झुकलेली होती – नीट दिसत होती.

"सरळ आहे," मी म्हणाले.

त्याने मला आत बसवून स्वतः खात्री केली नाही. कशाला करेल?

असे तीन हिवाळे गेले. रबर बदललं, स्प्रिंगा सैल केल्या, घट्ट केल्या. प्रत्येक बदलाचं ड्रॉइंग मी करत होते आणि तो कोन तसाच ठेवत होते. विमान पुन्हा पुन्हा फिरायचं. आम्ही दोघं शेपूट खांद्यावर घेऊन ते गोठ्याकडे वळवायचो, तेव्हा त्याचा श्वास मला ऐकू यायचा. माझ्या आयुष्यात त्याहून सुखाचे दिवस नाहीत. हे लिहितानासुद्धा मला ते परत हवे आहेत – मग मी कसली बाई?

तिसऱ्या वर्षी पंख मोडला. त्याने पाइप कापून भंगारात दिले. इंजिन विकलं. मला म्हणाला, "तुमचे रविवार फुकट गेले."

पुढे माझं लग्न झालं, त्याचंही. कारखाना बंद पडला. सत्त्याण्णवच्या सुमारास बदलापूरच्या बाजारात तो भेटला. टेम्पो घेतलाय म्हणाला, पण ड्रायव्हर ठेवलाय. "माझ्या पायांचा भरवसा नाही, तुम्हाला तर माहीतच आहे." अगदी साधेपणाने म्हणाला. तक्रार नव्हती.

तेव्हा तरी? तो समोर उभा होता, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन. मी त्याच्या आईची चौकशी केली, आणि रिक्षात बसले.

त्याचे पाय चांगले होते. तो उडाला असता. मी त्याला हे सांगितलं नाही.