आधी सान्यालदांचं म्हणणं

कोलकात्याला बदली होऊन आलो, त्या पहिल्याच महिन्यात मी एक गाढवपणा केला. घरचा सिलिंडर संपला होता आणि नवा यायला उशीर होता. तळमजल्यावरचे कुलकर्णीकाका ‘गॅसमधून रिटायर झालेत’ एवढं मला दरवानाकडून कळलं होतं. परक्या गावात मराठी माणूस, तोही गॅसमधला! मी त्यांची बेल वाजवली, नमस्कार-चमत्कार झाले, गाव-आडनाव झालं, आणि मी म्हणालो, “काका, एजन्सीत तुमची ओळख असेलच. जरा एका सिलिंडरचं बघा की.”

काकांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. “मी आयुष्यभर देशात गॅस आणला,” ते म्हणाले, “पण जहाजानं. समुद्रापलीकडून. इतका गार करून, की त्याचं पाणी होतं. तुमच्या सिलिंडरातला गॅस वेगळा. त्याचा-माझा संबंध स्वयंपाकघरापुरता.” एवढं बोलून ते आत गेले आणि स्वतःच्या घरातला भरलेला सिलिंडर गोल गोल फिरवत दारापर्यंत घेऊन आले. “हा न्या. तुमचा आला की भरलेला परत द्या. आणि यापुढे घरात एक भरलेला ठेवत जा. आपला डबा आपण भरून ठेवावा. माझ्या नोकरीचं सार एवढंच.”

तो सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर चढवताना माझी कंबर धरली. मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, “त्यांना नक्की काय म्हणालास तू?” मी सांगितलं. ती कपाळाला हात लावून खाली गेली आणि काकूंची माफी मागून, वर त्यांच्या हातचं लिंबाचं लोणचं घेऊन आली. सॉल्ट लेकमधला आमचा संसार असा उधारीच्या सिलिंडरवर सुरू झाला.

सगळी बिल्डिंग त्यांना जहाजकाका म्हणायची. सरकारी कंपनीत गॅसचे आयात-करार करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. शेवटची बदली इथली, मग इथेच राहिले. पुण्याला परत का गेला नाहीत, असं विचारलं की म्हणायचे, “तिथं माझ्याशी भांडायला कोण आहे?” त्यांच्या फोनवर जगातली जहाजं कुठे आहेत ते दाखवणारं एक अ‍ॅप होतं. लोक सकाळी उठून राशिभविष्य बघतात, काका गॅसची जहाजं बघायचे. आखातातून निघालेलं एखादं जहाज लंकेला वळसा घालून ओडिशाच्या किनाऱ्याकडे यायला लागलं, की जिन्यात भेटेल त्याला, “आपलं जहाज वळलं हं!” जशी काही घरची मुलगी बाळंतपणाला माहेरी येत होती.

त्यांच्याशी भांडायला जो होता, तो पहिल्या मजल्यावर राहायचा. सान्यालदा. कोळशाच्या खाणींमध्ये अधिकारी म्हणून उभी हयात घालवलेला, पत्नी गेल्यावर मुलासुनेकडे राहणारा, उंचापुरा, पांढऱ्याशुभ्र पायजम्यातला बंगाली गृहस्थ. दर रविवारी सकाळी बिल्डिंगखालच्या गाड्या बाहेर निघाल्या, की रिकाम्या जागेत दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या जायच्या. एकीत गॅस, दुसरीत कोळसा. श्रोते म्हणून मी आणि दरवान. चहा आणणं माझ्याकडे, कारण मुद्दे मांडण्याची माझी लायकी नाही हे त्या सिलिंडरच्या दिवशीच ठरलं होतं.

या भांडणाला एक नियम होता, आणि तो काकांनी करारांच्या टेबलावरून उचलून आणला होता. आपलं बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं. समोरच्यानं ‘ठीक’ म्हटलं, तरच पुढे जायचं. तो ‘भूल’ म्हणाला, म्हणजे बंगालीत ‘चूक’ म्हणाला, की पुन्हा पहिल्यापासून. “समोरच्याला काय हवंय ते त्याच्याहून बरं सांगता आलं पाहिजे,” काका म्हणायचे. “नाहीतर दोन माणसं दोन भिंतींशी बोलत बसतात, आणि त्याला लोक चर्चा म्हणतात.”

त्यामुळे दृश्य मोठं मजेशीर असायचं. गॅसवाले काका कोळशाची बाजू घेऊन पोटतिडकीनं बोलतायत: कोळसा आपल्या मातीखाली आहे, त्याला कुणाचा समुद्र लागत नाही, कुणाची मर्जी लागत नाही, कुठल्या सामुद्रधुनीत दोन देशांचं बिनसलं म्हणून आपल्या घरातला दिवा जात नाही. आणि सान्यालदा डोळे मिटून, परीक्षक गाणं ऐकतो तसे ऐकतायत. मग एक डोळा उघडून म्हणायचे, “ठीक. लेकिन थोड़ा और दर्द से बोलिए, कुलकोर्नीबाबू. हमारा घर में गुड़ है, तो हम पड़ोसी का चीनी का वास्ते कटोरी लेके काहे घूमेगा?”

ही गूळ-साखरेची उपमा त्या दोघांची सामाईक मालमत्ता होती. तिच्यात ते अख्ख्या देशाचा प्रश्न बसवायचे. निवडणुका आल्या, की एक पक्ष म्हणायचा देश विकायला काढला, दुसरा म्हणायचा देश उजळून टाकला. हे दोघे मात्र वाटी, डबा, साखर आणि खजुराचा गूळ यांच्यापलीकडे जात नसत. काकू पोह्यांच्या बशा आणून ठेवायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, “मला यातलं एक अक्षर कळत नाही. माझा कान आपला कढईकडे.”

एकदा काकांना टीव्हीवर बोलावलं. आखातात तणाव वाढला होता, जहाजांच्या वाटा अडल्या होत्या, आणि वाहिन्यांना ‘ऊर्जा सुरक्षा’ हे दोन शब्द नव्यानं सापडले होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून सेक्टर फाइव्हमधल्या स्टुडिओत गेले. आम्ही सगळे सान्यालदांच्या घरी टीव्हीसमोर. दोन पक्षांचे प्रवक्ते एकमेकांवर ओरडत होते. निवेदकानं काकांना विचारलं, “एका वाक्यात सांगा, परदेशी गॅसवर अवलंबून राहणं सुरक्षित आहे की नाही?” काका शांतपणे म्हणाले, “त्याआधी जे नाही म्हणतात, त्यांचं म्हणणं मला नीट मांडू द्या.” आणि त्यांनी सान्यालदांचा कोळसा मांडला, अगदी थोडा और दर्द से. तो संपेपर्यंत जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्यावर काकांची खुर्ची रिकामी होती.

घरी आले तेव्हा सान्यालदा मुरीची, म्हणजे चुरमुऱ्यांची, वाटी घेऊन जिन्यातच उभे होते. हसून हसून त्यांना बोलता येईना. “टीवी पर एक ही बात बोला,” ते कसंबसं म्हणाले, “वो भी मेरा!”

त्या हसण्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी सान्यालदा दात घासताना पडले. पक्षाघात. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतंय त्यांना सगळं, शब्द तेवढे निघत नाहीत. बोलत राहा त्यांच्याशी. त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, मित्रानं मित्राशी हवापाण्याचं बोलावं. काकांना ते जमेना. रोज संध्याकाळी ते पहिल्या मजल्यावर जायचे, व्हीलचेअरसमोर स्टूल ओढून बसायचे आणि नियमाप्रमाणे सुरुवात करायचे, “सान्यालदा, आपका कहना ये है, कि...” कोळशाची अख्खी बाजू मांडून व्हायची. मग ते थांबायचे. समोरून ठीक नाही, भूल नाही, काहीच नाही. ठीक आल्याशिवाय स्वतःचं बोलायचं नाही, म्हणून काका नमस्कार करून उठायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

बाहेर त्याच विषयावर देशभर बोंबाबोंब चालू होती. जहाजं खोळंबली, भाव चढले, संसदेत गोंधळ झाला. आमच्या ऑफिसात तर मागच्या आठवड्यापर्यंत नकाशावर आखात न सापडणारी माणसं सामुद्रधुनीवर बोलत होती. त्यांत मीही होतो. आणि ज्याला यातलं खरोखर कळत होतं, तो माणूस एका शब्दासाठी तोंड मिटून बसला होता. मी म्हटलं, “काका, तुमचं बोलून टाका ना. त्यांना ऐकू येतंय.” काका म्हणाले, “माझं जहाज बाहेर नांगर टाकून उभं आहे. धक्का मोकळा नाही. घुसवता येत नाही हो.”

एका संध्याकाळी मी सान्यालदांसाठी संत्री घेऊन गेलो होतो. काका त्या दिवशी दमलेले वाटले. स्टुलावर बसले आणि उडवून लावल्यासारखं बोलले, “आपका कहना ये है, कि कोयला सस्ता है, इसलिए जलाओ. बस.” इतक्या स्वस्तात सान्यालदांना आजवर कुणी निकालात काढलं नव्हतं. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला. मान थरथरली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. “भू...” आणि मग बऱ्याच वेळानं, “...ल.”

काका जिन्यातून ओरडत खाली आले, “अगं ऐकलंस का! मी चुकलो! त्यांनी मला चूक म्हटलं!” काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. आयुष्यभर बिनचूक करार केलेला माणूस आपण चुकल्याची दवंडी पिटत होता. मी नंतर हळूच विचारलं, “मुद्दाम चुकलात ना?” काका म्हणाले, “टेबलावरची युक्ती टेबलाबाहेर सांगायची नसते.”

तेव्हापासून सान्यालदा रोज ‘भूल’ म्हणायला लागले. काकांनी कितीही बरोबर मांडलं तरी भूल. सूनबाई म्हणायची, आता हळूहळू दुसरेही शब्द येतायत. पाणी मागतात, नातवाला हाक मारतात. काकांच्या वाट्याला मात्र एकच. “बाकी शब्द येत असून हा लबाड मला अडवून धरतोय,” काका म्हणायचे. “ठीक म्हटलं तर मी उद्या येणार नाही, असं वाटतं की काय त्याला?” आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की आपणही जन्मात कुणाचा तरी एवढा अडथळा व्हावं, असं वाटावं.

काका गेले ते सकाळी. चहा पिऊन खुर्चीत बसले होते, काकूंना वाटलं डुलकी लागली. हातातला फोन सुरूच होता आणि त्यावर त्यांचं जहाज लंकेच्या खाली. चार दिवसांनी काकूंनी तो फोन माझ्यासमोर धरला. “यांचं जहाज पोचलं का हो? बघता?” त्या निळ्या पडद्यावर मला मुंग्यांसारखे त्रिकोण दिसत होते. त्यातला त्यांचा कुठला, देव जाणे. “पोचलं, काकू,” मी म्हणालो.

शोकसभा खालीच घेतली, गाड्यांच्या जागेत. काकांच्या वेताच्या खुर्चीवर फोटो, त्याला रजनीगंधाचा हार. समोर बंगाली शेजारी, आमची मराठी चार घरं. सान्यालदांना चौघांनी खुर्चीसकट उचलून खाली आणलं आणि ते नेहमीच्याच जागी बसले. फोटोच्या समोर. बोलायला मला उभं केलं, कारण चहा आणता आणता मी सगळं ऐकलंय असा लोकांचा समज. मी हिंदीत सुरू केलं. ते किती विद्वान होते, किती साधे होते. मग म्हणालो, “काका का हमेशा यही कहना था, कि कोयले का ज़माना गया, देश को गैस बाहर से लानी ही चाहिए.”

“भूल.”

सगळ्या माना वळल्या. मला वाटलं, बिचाऱ्यांना भूल म्हणायची सवयच लागलीय. म्हणून मी तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं.

“भूल!” सान्यालदा म्हणाले. डावा हात वर झाला होता. सूनबाई त्यांना शांत करायला वाकली, त्यांनी तिला बाजूला केलं. आणि बोलायला लागले. एकेक शब्द खाणीतून वर ओढावा तसे.

“ओ बोलता था... चीनी लाओ. लेकिन... एक घर से नहीं. चार घर से.” थांबले. श्वास घेतला. “और डिब्बा... अपना डिब्बा... भरा रखो.” पुन्हा थांबले. आता पुरे, असं सगळ्यांनाच वाटलं. पण त्यांचं व्हायचं होतं. “और गुड़... गुड़ में धुआँ है... छोड़ना है. लेकिन... धीरे. जिस घर का... रोटी गुड़ से चलता है... उसका हाथ से... छीनो मत.”

हे शेवटचं मी इतक्या रविवारांत ऐकलंच नव्हतं. काकांच्या बाजूच्या पोटात सान्यालदांच्या खाणीतली माणसं बसलेली होती, आणि मी त्या वेळी बहुधा कप गोळा करत होतो.

मांडून झालं होतं. सान्यालदा फोटोकडे बघत थांबले. नियमच होता तसा. घाम त्यांच्या कानशिलावरून ओघळत होता आणि ते थांबलेच होते, उत्तर येईपर्यंत थांबणार असल्यासारखे.

पुढच्या रांगेतून काकू उठल्या. ज्यांना यातलं एक अक्षर कळत नव्हतं त्या. खुर्चीशी गेल्या, फोटोवरचा हार उगाच सारखा केला आणि म्हणाल्या, “ठीक, दादा. एकदम ठीक.”

सान्यालदांनी डोळे मिटले.

वर आलो. मंजिरीनं चहा ठेवला. गॅसच्या निळ्या ज्योतीकडे बघत ती उकळी येईपर्यंत तिथेच उभी राहिली. माझ्या भाषणाबद्दल दोन शब्द ऐकून घ्यायची मी मनाची तयारी केली होती. पण चहा गाळून कप माझ्यासमोर ठेवत ती म्हणाली, “आपण भांडतो तेव्हा माझं म्हणणं नक्की काय असतं, सांग बघू. मी आहे तोवर.”