झाडलेले अंगण

एनिफा अंगण झाडायची ती अर्धचंद्र काढत. कमरेत वाकायची, गवताची केरसुणी उजवीकडून डावीकडे फिरवायची आणि मागे मागे सरकायची. झाडून झाले की लाल मातीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटलेली असायची. त्यात तिचे स्वतःचे एक पाऊलही सापडायचे नाही.

शाळेत असताना मुलींना सकाळी मैदान झाडावे लागे. तिची मैत्रीण सुंगेनी हिचा तुकडा लगेच ओळखू यायचा.

"तुझं झाडणं म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं," एनिफा म्हणायची. मग मास्तर यायच्या आत तो तुकडाही झाडून टाकायची.

सुंगेनीला हे आठवले ते झोम्बा शहराच्या कोर्टात, लाकडी बाकावर बसलेली असताना. समोर पिंजऱ्यात एनिफा उभी होती. वायसनच्या खुनाचा खटला होता. गुन्हा शाबीत झाला तर फाशी किंवा जन्मभर तुरुंग. एनिफाचे लक्ष मात्र न्यायमूर्तींकडे नव्हते. ती फरशीकडे बघत होती. फरशी नीट पुसलेली नव्हती.

एनिफाचा बाप जोहान्सबर्गच्या खाणीत गेला तो परतला नाही. आईच्या आजारपणात शाळा सुटली आणि आई गेल्यावर बिस्विक मामाने सांभाळले. सुंगेनी कॉलेजात साहित्य शिकायला गेली, तेव्हा एनिफा त्याच कॉलेजच्या फाटकाबाहेर मांदाझी, पिठाचे गोड वडे, तळून विकत होती.

"गोष्टी वाचायला चार वर्षं?" ती झाऱ्याने मांदाझी उलटत विचारायची. "आमच्याकडे चुलीपाशी फुकट मिळतात. वर खायला रताळंही देतात."

वायसन तिथेच भेटला. चिल्वा सरोवरावरून सुके मासे सायकलवर लादून तो बाजारात आणायचा. उंच, हसरा, अंगाला सदा माशांचा वास. तो एनिफाच्या घरी राहायला आला. पुरुषाने बायकोच्या घरी राहायला जावे, ही रीतच आहे. पण आधी दोन्हीकडचे मामा समोरासमोर बसतात आणि लग्नाची जबाबदारी अंगावर घेतात, हीसुद्धा रीत आहे.

"तुझा मामा आण," बिस्विक मामाने वायसनला सांगितले.

"आणतो. मका निघू दे."

मका निघाला. पुढच्या वर्षीही निघाला. मामा काही आला नाही.

म्हणून वायसनने पहिल्यांदा हात उचलला तेव्हा तक्रार करायला जागाच नव्हती. मामा बसलेले असते तर दुसऱ्या दिवशी झाडाखाली बैठक भरली असती. बिस्विक मामा सुंगेनीजवळ चिडून बोलला होता, "मी जाब विचारू कुणाला? सायकलला?"

एकच माणूस मध्ये पडायचे. वायसनची आई, नाम्वाले. ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहायची. भोपळ्याचा पाला घेऊन यायची, लेकाला चार शिव्या हासडायची आणि जायची. एनिफा तिला आई म्हणायची.

त्या संध्याकाळी एनिफा अंगणात मासे साफ करत होती. वायसन गुत्त्यावरून आला. कॉलेजच्या पोरांशी फाटकावर कशाला हसतेस, इथून सुरुवात झाली. मग सायकलचा पंप त्याच्या हाताला लागला. पहिला फटका तिच्या उजव्या मनगटावर बसला. दुसरा यायच्या आत तिने सुरी डाव्या हातात घेऊन पुढे केली. ती त्याच्या मांडीत गेली.

वायसन खाली बसला नाही. तिचेच चितेंजे, कमरेला गुंडाळायचे कापड, त्याने दोरीवरून ओढले, मांडीला आवळून बांधले आणि रस्त्यावरच्या फानिझोला हाक मारली. फानिझो सायकलवर माणसे नेतो. मागच्या बैठकीवर बसता बसता वायसन वळून म्हणाला, "दवाखान्यातून आलो की बघतो तुला."

इथपर्यंत कोर्टात कुणाचाच वाद नव्हता. दवाखान्यात त्याने पहाटे प्राण सोडला, यावरही नव्हता. वाद होता तो सकाळी एनिफा काय करत होती यावर.

ती अंगण झाडत होती.

"रक्त मातीत मिसळून तिनं कोपऱ्यात ढीग केला," सरकारी वकील म्हणाले. "पुरावा पुसला. नवरा म्हणवणारा माणूस मेल्याची बातमी कानावर आल्यानंतर पुसला. या मुलखातली कुठली बाई मयत झालेल्या घरी केरसुणी हातात घेते?"

बाकांवर कुजबुज उठली. कारण हे खरे होते. मयत झाले की माती देऊन होईपर्यंत, आणि मग घरच्यांनी जमून झाडायचा दिवस येईपर्यंत, अंगणाला हात लावत नाहीत. आधी झाडले तर मेलेल्याला उंबऱ्यावरून हाकलल्यासारखे होते. एनिफाने बातमी ऐकून झाडले असेल, तर वायसनने मरावे हीच तिची इच्छा होती, असे समजायला कुणाला वकिलाची गरज नव्हती. बातमीच आली नसेल, तर ती फक्त सकाळ होती आणि ती बाई फक्त झाडत होती.

फानिझो साक्षीला उभा राहिला. त्याने नवा शर्ट घातला होता, पाठीवर घडीच्या रेघा तशाच.

"मी पहिल्या कोंबड्यालाच आलो. रस्त्यावरूनच ओरडलो, वायसन गेला म्हणून. तिनं मान वर केली आणि परत झाडायला लागली."

"तेव्हा मयताची आई तिथे होती?"

"नाही. ती मागनं आली."

एनिफाने पिंजऱ्याचा कठडा धरला.

जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या पायऱ्यांवर बाजारातल्या बायका भुईमूग सोलत बसल्या होत्या.

"पहिला कोंबडा म्हणे. फानिझोला पहिला कोंबडा फक्त ताटात माहीत आहे."

"गुत्त्यावर झोपला असेल मेला. वायसनच्या भावकीला हे कसं सांगेल?"

"आणि त्या न्यायाधीश साहेबाच्या डोक्यावर ते पांढरं केसाळ काय आहे गं?"

"मेंढी बसलीय. न्याय करताना डोकं गार राहावं म्हणून."

सुंगेनी हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर अजून पोलिसांनी काढलेला फोटो होता. सकाळी कोर्टात तो सगळ्यांना दिसेल असा धरला होता. अंगण, कोपऱ्यात मातीचा ढीग, भिंतीला टेकवलेली केरसुणी. भावकी सगळी ओढ्यापलीकडे नाम्वालेच्या दारात रडायला जमली होती, म्हणून एनिफाच्या अंगणात पोलिसांखेरीज कुणाची पावले पडली नव्हती. दाराकडच्या बाजूला खवले होते, जरा थरथरते. रस्त्याकडच्या बाजूला खवले नव्हते. तिथे सरळ रेघा होत्या, लांब, एकाशेजारी एक.

सुंगेनी उठली आणि एनिफाच्या वकिलाकडे गेली. कुमवेंडा वकील सरकारने दिलेले होते. ते उभ्याने न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि घेवडा खात होते.

"सर, ते अंगण एकट्या एनिफाने झाडलेलं नाही."

त्यांनी घास थांबवला. "कशावरून?"

"ती सरळ झाडत नाही. मी तिच्याबरोबर सात यत्ता झाडलंय."

कुमवेंडांनी फोटो मागवून घेतला आणि बराच वेळ खिडकीपाशी धरला. मग दोघे खालच्या कोठडीत गेले. एनिफाने गजाआडून फोटोकडे पाहिलेही नाही.

"मीच झाडलं सगळं."

"एनिफा, हे फराटे तुझे नाहीत."

"हात दुखत होता. वाकडंतिकडं झालं असेल."

"वाकडं नाही गं. सरळ झालंय."

"तू पुस्तकं वाच बाई," एनिफा म्हणाली. "माती वाचायला जाऊ नकोस."

तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. स्वतःसाठी ती इतकी कधी भ्यालेली सुंगेनीला आठवत नव्हती. ती कुणाला तरी पाठीशी घालत होती, एवढेच कळले. कुणाला, ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. त्या सकाळी तिथे आलेले माणूस दुसरे होतेच कोण?

जिन्यात कुमवेंडा थांबले. "नाम्वाले सरकारची साक्षीदार आहे. लेक गेलाय तिचा. मी विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर संपलं."

"आणि विचारलंच नाही तर?"

त्यांनी फोटो फाइलीत घातला आणि ते जिना चढू लागले.

दुपारी नाम्वाले साक्षीला आली. काळे चितेंजे, डोक्याला काळा रुमाल. मागच्या बाकावर वायसनचा मामा येऊन बसला होता. जिवंतपणी भाच्यासाठी त्याला वेळ मिळाला नव्हता. दुभाष्या प्रत्येक वाक्य इंग्रजीत न्यायमूर्तींना सांगत होता.

सरकारी वकिलांना तिने दोन शब्दांत उत्तरे दिली. मी गेले तेव्हा ती झाडत होती. हो, रक्त होतं. हो, ढीग होता.

मग कुमवेंडा उठले. "आई, तुम्ही त्या सकाळी का गेला होता?"

"भांडण झालं असं कळलं. पाला घेऊन गेले."

"एनिफाचा हात कसा होता?"

नाम्वालेने पिंजऱ्याकडे पाहिले. "मनगट सुजलं होतं. रताळ्याएवढं."

"त्या हाताने ती अंगण झाडत होती?"

"झाडत होती. लंगड्या बकरीसारखी."

कुमवेंडांनी फोटो तिच्यासमोर ठेवला. "ह्या इकडच्या रेघा कुणाच्या आहेत?"

एनिफा पिंजऱ्यातून म्हणाली, "माझ्या."

न्यायमूर्तींनी तिला गप्प राहायला सांगितले. नाम्वाले फोटोकडे बघत राहिली. तिने बोट उचलले आणि एका रेघेवरून वरून खाली फिरवले. मागच्या बाकावर मामा खाकरला.

"पोरीला शिकवलं नव्हतं कुणी," नाम्वाले म्हणाली. "आई लवकर गेली ना तिची. असं गोल गोल झाडतात का? मी किती वेळा सांगितलं."

"आई, रेघा कुणाच्या?"

"माझ्या."

दुभाष्याने नाम्वालेकडे पाहिले. मग त्याने सांगितले.

"तिच्या हातातनं केरसुणी मीच ओढून घेतली. म्हटलं, बस त्या उंबऱ्यावर, पाणी तापव, तो लंगडत येईल तर आंघोळीला लागेल. ती पाणी तापवायला गेली. राहिलेलं अंगण मी झाडलं. तो ढीगही मीच केला. रक्त माझ्याच लेकाचं होतं, पण मला वाटलं, पायाचं तर आहे, पुरुषाला काय होतंय. मग फानिझो आला." तिने फानिझो बसला होता तिकडे मान वळवली. "सूर्य झाडावर आला होता रे. कोंबडे दाणे टिपत होते. तू आधी ओरडला असतास तर मी झाडलं असतं? मी? त्याची आई?"

फानिझोने मान खाली घातली. शर्टाच्या घडीवर घामाचा डाग पडला होता.

"हे पोलिसांना का सांगितलं नाही?" कुमवेंडांनी हळूच विचारले.

"काय सांगू? माझा मुलगा मरून पडला होता आणि मी त्याच्या बायकोचं अंगण झाडत होते. मीच त्याला झाडून बाहेर टाकलं. भावकीला कळलं असतं तर मला त्याच्या मातीला उभं राहू दिलं नसतं."

बायको, असे ती म्हणाली. मामा बसलेले नसताना. वायसनचा मामा उठला, टोपी घातली आणि दार न लावता बाहेर गेला. नाम्वालेने त्याच्याकडे पाहिले नाही. ती फोटो सरळ करून टेबलाच्या कडेला लावत होती.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. खून नव्हे, सदोष मनुष्यवध. मरणाची बातमी यायच्या आधी दोन बायका एक अंगण झाडत होत्या आणि दोघींपैकी एकीलाही तो मेलेला ठाऊक नव्हता, असे न्यायमूर्तींनी लिहिले होते. सुरी मात्र एनिफाची होती. आणखी काही वर्षे तुरुंगात काढायची होती. फाशी नव्हती, जन्मठेप नव्हती. बिस्विक मामा भिंतीला टेकून रडला. कुमवेंडांनी कागद गोळा केले आणि पुढच्या खटल्याला गेले.

सुंगेनीला कोठडीपाशी थोडा वेळ मिळाला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "एवढे दिवस. एक वाक्य बोलली असतीस तर."

"कुणाला? तिला?" एनिफाने विचारले. "मी तुझ्या लेकाला मारलं, आणि त्याच्या रक्तावरून केरसुणी तू फिरवलीस, असं? तिनं फानिझोचं ऐकलं तेव्हा केरसुणी तिच्या हातात होती, सुंगेनी. तिनं ती भिंतीला टेकवली आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हाच ठरलं, केरसुणी माझ्याच हातात होती असं सांगायचं."

सुंगेनीने चार वर्षे माणसांविषयी वाचले होते; हे कुठल्याच पुस्तकात नव्हते.

बाहेर तुरुंगाची गाडी उभी होती. नाम्वाले एकटीच आली होती, भावकीतले कुणी बरोबर नव्हते. हातात पाल्याची जुडी. पोलिसाने आधी जुडी तपासली, मग नाम्वालेला जवळ जाऊ दिले.

"मी तुला माफ केलेलं नाही," नाम्वाले म्हणाली.

"माहितीय, आई."

"करणारही नाही."

"हो."

एनिफा गाडीत चढू लागली. पायरी उंच होती. तिने डाव्या हाताने दार धरले, उजवा तसाच पोटाशी ठेवला. नाम्वालेने ते पाहिले.

"मनगट बसलं नाही का नीट?"

"थंडीत दुखतं."

"तेल कोमट करून चोळायचं. कोपराकडून खाली. वरून खाली, कळलं का? गोल गोल नाही."

"हो, आई," एनिफा म्हणाली. पोलिसाने दार लावले.