सगळीच ब्लाऊजं तंग

"हात वर करून बघा म्हणता ना? बघा, करते!"

गंगासागर अक्कांनी उंबऱ्यातच, देवळातली घंटा वाजवावी तसा उजवा हात वर केला आणि काखेतली शिवण कर्र करून उसवली. "ऐकलं? आता डावा करू का?"

विजयमालानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. तेलगावात ती गेली पंचवीसेक वर्षं ब्लाऊजं शिवते. आजवर कुणी तिच्या दारात अशी घंटा वाजवली नव्हती.

"अक्का, नवं कापड हाय. एका धुण्यात सैल पडतंय."

"माझ्या जावेला बी हेच सांगितलं तुमी. तिनं धुतलं. आता तर हुकच लागंना."

"मग दिवाळीचा फराळ..."

"विजयमाला!" अक्का किराणा दुकानाच्या मालकीण, त्यांना तोंडावर जाड म्हणायची हिंमत नवऱ्याचीही नव्हती. "तुमीच शिवलेलं गेल्या सालच्या संक्रांतीचं ब्लाऊज आज बी अंगात बसतंय माझ्या. फराळ काय ह्या नव्या ब्लाऊजातल्या बाईनंच खाल्ला का?"

विजयमालानं टेबलाच्या पायाकडं बघितलं. तिथं अक्कांचीच मोठी पिशवी होती. त्यांच्या लेकीच्या, शिवांजलीच्या लग्नाची सगळी ब्लाऊजपिसं तिच्यात होती. अक्कांची नजरही तिथंच गेली.

"तुमी वाईट वाटून घेऊ नका. पण ती पिशवी मी माजलगावला शिवायला टाकते."

"अक्का, तुमच्या लग्नानंतरचं पहिलं ब्लाऊज मी शिवलंय. शिवांजलीचं झबलं मी शिवलंय."

"म्हणून तर इतके दिवस बोलले न्हाई. लोक बोलायलेत, विजयमालाचे डोळे गेले." अक्का जरा नरमल्या. "पंधरा दिसांनी, बाजाराच्या दिवशी येते. तवर डोळे दाखवून घ्या. एक ब्लाऊज करून ठेवा तिचं. बसलं तर पिशवी हितंच. न्हाई बसलं, तर माझा इलाज न्हाई बघा."

त्या गेल्या. पदराखालचा उसवलेला भाग हातानं दाबत गेल्या, हे विजयमालाला पुढं कित्येक दिवस दिसत राहिलं.

लग्न होऊन या गावात आली तेव्हा ती कापूस वेचायला जायची. बोटांना बोंडं टोचून टोचून तिनं एक दिवस सासूला ठणकावलं, "मला मशीन घ्या, न्हाईतर मी माहेरी चालले." मशीन आली. सोबत एक पिवळा टेप आला, टोकाला पितळी पट्टी असलेला. तो तेव्हापासून तिच्या गळ्यात. मंगळसूत्र एकदा गहाण पडलं होतं. टेप कधी उतरला नाही. पुढं पुढं तिची नजर इतकी तयार झाली, की बाई उंबऱ्यात उभी राहिली की ती आधी बोलायची, "पस्तीस," आणि मग टेप लावायची. टेप म्हणायचा, पस्तीस. बाया हसायच्या, "डोळ्यात मीटर बसवलंय हिच्या."

आता त्याच डोळ्यांवर आळ आला होता.

नवरा गहिनीनाथ तिला माजलगावला घेऊन गेला आणि चष्मा करून आणला. चष्म्यानं सुई मोठी दिसायची आणि डोकं गरगरायचं. "सवय हुईल," तो म्हणाला. "माझ्या आज्याचं बी असंच झालतं. आधी डोळं गेलं, मग कान."

"आणि तुमचं आधी काय गेलं, ते माझ्या तोंडून वदवू नका."

चष्मा लावून तिनं मापं घ्यायला सुरुवात केली. एकदा नाही, प्रत्येक बाईचं तीन-तीनदा. चौतीस. पुन्हा चौतीस. पुन्हा लावला, चौतीसच! तीनदा एकच आकडा आला की माणसाला धीर येतो. तिलाही आला. आणि ब्लाऊज परत आलं, तंगच. मग ती चिडून चारदा मोजू लागली. समोरची बाई अवघडून जायची, "ताई, गुदगुल्या होतेत, पुरं." आकडा हलायचा नाही आणि ब्लाऊज बसायचं नाही. अशा वेळी कुणाला शिव्या द्याव्यात तेच कळत नाही. तिनं दोऱ्याला दिल्या, कापडाला दिल्या, मशीनच्या पायाला तर लाथच घातली.

उरली सून.

वर्षाराणी उन्हाळ्यात लग्न होऊन आली, शिवणकामाचा कोर्स केलेली. पोळ्यापासून दोघींनी काम वाटून घेतलं होतं. खाली बसून कापताना विजयमालाचे गुडघे धरायचे, म्हणून कापणी वर्षाराणीकडं. मापं मात्र विजयमालाच घ्यायची. गावातल्या बाया दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत. ही आकडा ओरडायची, ती खडूनं कापडावर लिहून घ्यायची.

"तूच कमी कापतीस," बाजाराच्या आदल्या दुपारी विजयमाला तिच्यावर घसरली.

वर्षाराणीनं कातर खाली ठेवली. "आत्या, तुमच्यासमोर कापते. बोला आकडा."

"चौतीस."

तिनं टेबलावरचा आपला टेप ताणून धरला. "बघा चष्मा लावून. किती?"

"चौतीस."

"मग कुठं कमी कापलं? का माझ्या हाताला जादू हाय?" तिनं टेप टेबलावर आपटला. "लग्नाच्या आधी आमच्या मॅडम म्हणायच्या, वर्षाराणीसारखी कापणी कुणाची न्हाई. आणि हितं आल्यापासून रोज एक ब्लाऊज तोंडावर येतंय. मी काय सांगू माझ्या आईला?"

विजयमालाला वाईटही वाटलं आणि रागही आला. ती बरोबर, मीही बरोबर, मग ब्लाऊज कावून चूक?

दारात गहिनीनाथ सुपारी कातरत होता. "अगं हुती चूक माणसाच्या हातून. वय झालं. सोड आता हे शिवणकाम."

ते 'सोड' तिच्या काळजात रुतलं. तिनं माघारी आलेली सगळी ब्लाऊजं बाजेवर ओतली. एकेक उचलून नाव घेऊ लागली. हे अक्कांचं, तंग. हे त्यांच्या जावेचं, तंग. साखराबाईचं, तंग. अंगणवाडीच्या बाईचं, तंग. आणि अचानक तिचा हात थांबला.

"वर्षा, एक तरी ढिलं म्हणून आलंय का गं माघारी?"

"न्हाई."

"एक बी न्हाई?"

"न्हाई आत्या. ढिलं असतं तर टीप मारून दिली नसती का?"

विजयमाला नवऱ्याकडं वळली. "ऐका. माझे डोळे गेले असते तर मी आंधळ्यावाणी मोजलं असतं. एक इकडं, एक तिकडं. कुणाचं तंग, कुणाचं ढगळ. निम्म्या बाया ब्लाऊज लोंबतंय म्हणून भांडल्या असत्या! हितं समद्या एकाच अंगाला रडायल्यात."

"मग?"

"मग काय? एखादी भाकर करपली तर बाईचा हात चुकला म्हणावं. समद्याच भाकरी एकाच बाजूनं करपल्या, तर उठून चूल बघावी!"

"आता चुलीचं काय मधीच?" गहिनीनाथ म्हणाला आणि सुपारी तोंडात टाकली.

पण ती ऐकायला थांबली नव्हती. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात येत होती. सडपातळ पोरींची कुरकुर थोडी होती. हुक जरा ओढून लागतो, इतकीच. दांडग्या बायांच्या मात्र शिवणी उसवल्या होत्या. बाई जेवढी मोठी, तेवढी चूक मोठी. डोळे काय माणूस बघून कमी-जास्त चुकतात? तिनं साखराबाईचं ब्लाऊज उचललं आणि गळ्यातला पिवळा टेप त्याला लावला.

"छाती किती लिहिलीवती हिची?"

"चौतीस."

"हे तेहतीस हाय."

वर्षाराणीनं ब्लाऊज ओढून घेतलं, आपला टेप लावला. "चौतीस हाय, आत्या."

"तेहतीस!"

"चौतीस! चष्मा लावा."

"लावलाय की गं, नाकावर दिसंना का तुला!"

मग दोघींनी एकाच वेळी आपापल्या टेपाकडं बघितलं. वर्षाराणीनं आपला नवा टेप टेबलावर अंथरला. विजयमालानं गळ्यातला काढला आणि शेजारी ठेवला, पितळी पट्टीला पट्टी जुळवून. सुरुवातीला आकड्याला आकडा भिडला होता. दहाच्या आसपास पिवळा जरासा पुढं सरकला. वीसला आणखी. पिवळ्याच्या चौतिसाशेजारी नव्याचा पस्तीस होता.

इतक्या वर्षांच्या ओढाताणीनं टेप लांबला होता. तोवर काहीच बिघडलं नव्हतं, कारण तोच टेप अंगाला लागायचा आणि तोच कापडाला. अंगावर जेवढा लबाड, कापडावर तेवढाच लबाड. दोन्ही लबाड्या फिटून जायच्या. पोळ्यापासून अंगाला जुना लागत होता आणि कापडाला नवा. आणि 'डोळ्यातलं मीटर'? तेही ह्याच टेपावर शिकलेलं. टेप लांबत गेला, तशी नजरही त्याच्यामागं गेली.

"म्हणजे मी चुकले न्हाई," वर्षाराणी म्हणाली.

"मी बी न्हाई." विजयमाला मटकन बाजेवर बसली. चूक सापडल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. तिला हातातला टेप चुलीत घालावासा वाटला. नवी कोरी कापडं उसवायची, शिवणीच्या आत दुमडलेली माया सोडायची, सुनेनं माया जेमतेम ठेवलेली. आणि दोन महिने गावाचं ऐकून घेतलं ते वेगळंच. तीनदा काय, शंभरदा मोजलं असतं तरी ह्या पिवळ्यानं चौतीसच सांगितलं असतं, आणि तिला वाटलं असतं, वा, किती पक्कं माप!

बाजाराच्या दिवशी अक्का शिवांजलीला घेऊन आल्या. ब्लाऊज तयार होतं. मापाला पिशवीतलंच तिचं जुनं ब्लाऊज घेतलेलं, आणि दोन्हीकडं एकच, नवा टेप. पोरगी आतल्या खोलीत गेली, बाहेर आली, दोन्ही हात वर केले. कुठं सुरकुती नाही, कुठं ओढ नाही.

"आई, मस्त बसलं!"

अक्कांनी पाठीवरून हात फिरवला. पिशवी पायानंच टेबलाखाली आणखी आत सरकवली. विजयमालाचा जीव भांड्यात पडला.

"बघा!" अक्का म्हणाल्या. "म्हणलं नव्हतं मी? चष्म्यानं फरक पडला."

"चष्म्यानं न्हाई अक्का. ह्यो टेप बघा, लांबला हुता. आन कापायचा टेप..."

"असू द्या हो."

"असू द्या काय? हे बघा, दोन्ही शेजारी धरते."

"अहो, वय झालं की लागतोच. माझ्या ह्यांना चाळिशीतच लागला. लाजायचं काय त्यात?"

"लाजत न्हाई मी! माझे डोळे चांगले हायेत!"

"आता हायेतच की. चष्मा लावल्यावर."

वर्षाराणी कापडात तोंड खुपसून हसत होती. विजयमालानं चष्मा काढला, सुई घेतली आणि अक्कांच्या नाकासमोर एका फटक्यात दोरा ओवून दाखवला. अक्का लेकीला म्हणाल्या, "बघ, किती गुण आला."

संध्याकाळपर्यंत चष्म्याचा गुण बाजारभर झाला. दिवे लागायच्या आत साखराबाई आपलं ब्लाऊज घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. विजयमालानं तिला बघितलं आणि सवयीनं तोंडात आलं, 'चौतीस'. तिनं ते गिळलं. नवा टेप उचलला आणि पुढं झाली.

साखराबाई एक पाऊल मागं सरली. "आधी चष्मा लावा की वं ताई."

विजयमालानं दात आवळले. चष्मा घेतला, नाकाच्या शेंड्यावर ठेवला, आणि त्याच्या वरून बघत टेप लावला.

"पस्तीस," ती ओरडली.

"आँ? मी तर चौतीस हुते की!"