द्राक्षांच्या वाटेवरचा पाडा

नाशिकहून पेठकडे जाणारी एसटी सावळघाट चढू लागली, तसे खिडकीबाहेरचे जग हळूहळू पुसले जाऊ लागले. आधी दरी गेली, मग झाडे, मग रस्त्याकडेचे दगडही. नुकतीच दिवाळी झाली होती. धुक्यात गाडी चालत नसून तरंगते आहे असे वाटत होते. मी नामपूरची, उघड्या माळावर कांद्याच्या वासात वाढलेली. एवढे धुके मी कधी पाहिले नव्हते. माझी वसतिगृहातली मैत्रीण यमुना इकडच्या एका पाड्यावर (डोंगरातल्या छोट्या वस्तीवर) शिक्षिका आहे. तिच्याकडे निघाले होते.

धुक्यामुळे मी एक थांबा आधीच उतरले. गाडी निघून गेली आणि सगळीकडे पांढरे.

"यमुनाबाईंकडं ना? तुम्ही आधीच उतरल्या."

आधी आवाज आला, मग मुलगी दिसली. अंगात शाळेचा निळा गणवेश, डोक्यावर गवताचा भारा. तिचे नाव सुनी. ती पुढे, मी मागे. वाटेत एका ओहळात माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

"हातात घ्या. इथं कोण बघतंय? धुकंच हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, मागे न वळता तिने विचारले, "ताई, दहावीचा पेपर लय अवघड असतो का?"

"अभ्यास केला तर नाही. यंदा आहे का तुझी?"

"हाय. पण परवा गाडी येणार."

कोणती गाडी, ते संध्याकाळी यमुनाने सांगितले. इथे पावसावर भात आणि नागली (नाचणी) पिकते. पुढे ना पाणी, ना काम. मग दिवाळीनंतर बहुतेक पाडा द्राक्षबागांच्या कामाला खाली दिंडोरीकडे उतरतो. लहान मुलेही आईबापांबरोबर जातात. "नंतर माझ्या वर्गात माझाच आवाज घुमतो," यमुना म्हणाली. बागेत घडातले जास्तीचे मणी काढायचे काम जोडीने चालते. ओळीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. सुनीचे वडील औषध फवारणीला असतात, म्हणून आईच्या जोडीला सुनी. सुनी मागे राहिली तर आईची जोडी तुटते, आणि एकट्या बाईला टोळीत घेत नाहीत. आईला काम मिळाले नाही तर घराचे पुढचे वर्ष निघत नाही.

त्या रात्री आम्ही सुनीच्या घरी जेवायला होतो; तिथे यमुनाने टोळीच्या मुकादमाला पुन्हा गाठले. तो भला माणूस होता, हात जोडून म्हणाला, "बाई, मालकाला जोड्या सांगून बसलोय. आता अर्धी जोडी कुठल्या पोत्यात लपवू?"

सगळे हसले. सुनीची आई, काशीबाई, हसली नाही. तिने आमच्या ताटात नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली आणि म्हणाली, "मला का कळत नाय, बाई? पण पोटाला काय शिकवू?"

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या जंगूबाईच्या खळ्यावर शेवटचे भात झोडायचे होते. ही इकडची सावड: आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. ती हातांनीच फेडायची, पैशांनी नाही. आणि बाकी ठेवून पाडा सोडायचा नाही. बायकांबरोबर मीही पेंढी उचलली. धुके विरत होते, उन्हात भाताचा कोंडा सोन्याच्या धुरासारखा उडत होता.

"ही बया भात झोडतीय का माश्या हाकतीय?" जंगूबाईने विचारले. खळे हसण्याने भरून गेले.

दुपारी पाणी प्यायला सगळ्या टेकल्या, तेव्हा सुनी उभी राहिली. मान खाली, पण आवाज स्पष्ट.

"आवणीच्या (भात लावणीच्या) वक्ताला माझी आयस (आई) तापानं पडली व्हती. तवा मी तुमच्या समद्यांच्या शेतात राबले. ती सावड अजून तुमच्यावर हाय. आमचं भात तर बानंच कापलं."

"मग? फेडू की," हिराबाई नावाची तरणी बाई म्हणाली. "सांग, कुठं येऊ?"

"द्राक्षात फेडा. माझ्या जागी, आयसच्या समोर. रोज एक जण. तिची ओळ बाकीच्या जोड्यांनी उरकायची."

काशीबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सावड डोंगर उतरून गेल्याचे कोणी ऐकले नव्हते.

हिराबाई तिथेच पोती भरणाऱ्या मुकादमाकडे वळली. "ओळ पुरी झाली म्हंजे झालं ना? का समोर कोन हाय त्याचा फोटो काढनार तू?"

"ओळ पुरी झाली तर मी आंधळा," मुकादम म्हणाला.

"पोसी (मुलगी) माझ्याजवळ राहील," जंगूबाई म्हणाली. "मला कुठं जायचंय आता? पण नापास झालीस ना सुने, तर पुढल्या सालाला आमची समद्यांची नागली तूच लावशील."

"आणि पास झाले तर?"

"तरी लावशील!"

मी भीत भीत म्हटले, "माझी आजची सावडही तिच्याच ओळीत धरा."

"माश्या हाकल्याची?" जंगूबाई म्हणाली. "धरली, जा."

पहाटे पिकअप आली. भांडी, वळकट्या, दोन कोंबड्या, झोपेतली मुले. सुनीने धाकट्या भावाला आईच्या मांडीवर दिले आणि ती मागे सरकली. गाडी वळली, तेव्हा धुक्यात फक्त तिचा निळा गणवेश दिसत होता, मग तोही नाही. काशीबाई तिकडे पाहत राहिली. मी नाशिकला परत निघाले होते; तिच्या शेजारची रिकामी जागा मला मिळाली होती.

दिंडोरीच्या बाजूला बागा सुरू झाल्या. हिरव्या, सरळ, न संपणाऱ्या ओळी. टोळी उतरली. काशीबाई पहिल्या वेलीपाशी उभी राहिली आणि पलीकडून हिराबाई उभी राहिली. पानांच्या आडून दोघींचे फक्त हात दिसत होते.

नाशिकच्या बसमध्ये बसल्यावर मी आईला फोन लावला. ती अजून नामपूरला कांदा निवडायला जाते. मी घरातली पहिली पदवीधर. पदवीदानाचा सोहळा झाला तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त रडली होती.

"आई, मी कॉलेजला गेले तेव्हा कांद्याच्या ढिगाशी तुझ्या शेजारी, माझ्या जागेवर, कोण बसायचं?"

"येडी शेस का? आसं काय इचारस?" आई अहिराणीत हसली. मग म्हणाली, "जी येई ती बठे, माय."

मी एकेक नाव विचारत गेले. नाशिक येईपर्यंत ती सांगत होती.